आम्ही इथे एका कुटुंबासारखे

पेशंट कधी निदान सांगत नाही. तो लक्षणं सांगतो, तीही अर्धीच. डॉक्टरांचे ग्रुप नव्या डॉक्टरची मुलाखत घ्यायला बसले की नेमकं उलटं करतात. निदान आधीच जाहीर असतं, "आमच्याकडचं वातावरण उत्तम आहे", आणि लक्षणं तेवढी झाकून ठेवलेली असतात.

"आम्ही इथे एका कुटुंबासारखे आहोत," मी नोकरीसाठी गेले होते तिथले मुख्य भागीदार डॉक्टर म्हणाले. मी तिथेच सावध झाले. कुटुंबं मीही पाहिली आहेत. त्यात दोन भावांचं बोलणं बंद असतं, दर वेळी धाकट्यालाच उठवलं जातं आणि कुणी वेगळं व्हायचं म्हटलं की आधी रडारड होते, मग हिशेब निघतो. समोरचे दोन सर्जन एकमेकांकडे न बघता सगळं मलाच सांगत होते, तेव्हा कुटुंबाबद्दल ते खोटं बोलत नसावेत.

"ऑन-कॉल किती असतो? म्हणजे रात्री-अपरात्री, रविवारी बोलावणं?"

"फार नाही."

हे माप मी याआधी फक्त पेशंटला दारूबद्दल विचारल्यावर ऐकलंय. तिथे आपण ऐकलेलं मनातल्या मनात दुप्पट करतो. म्हणून मी गेल्या महिन्याचं ड्यूटीचं रोस्टर मागितलं. बराच वेळ कुणाला ते कुठे ठेवलंय हेच आठवेना. शेवटी सापडलं. सगळ्या रविवारी एकच नाव होतं आणि त्या नावाचे डॉक्टर आज मुलाखतीला बसलेले नव्हते. झोपले असावेत.

मग त्यांची पाळी. "ताण कसा हाताळता?" हा प्रश्न मला नेहमीच गमतीचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून जाणं, हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणचा जुनाट ताण नीट न हाताळल्यामुळे ते होतं. म्हणजे तपासणी व्हायला हवी त्या ठिकाणाची आणि टेबलावर झोपवलंय मला! त्यांनी अभिमानाने सांगितलं की स्टाफसाठी दर आठवड्याला ध्यानाचं सत्र असतं. वेळ विचारली. भर ओपीडीची.

माझा आवडता प्रश्न मी शेवटी ठेवते. "तुमच्याकडे अलीकडे काय चूक झाली आणि नंतर काय केलंत?"

"आमच्याकडे चुका होत नाहीत."

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या टीमकडे चुका कमी निघतील असा तिचा अंदाज होता. निघाल्या जास्त! पुढे उलगडा झाला की त्या टीममधली माणसं चूक न घाबरता सांगत होती, म्हणून ती कागदावर येत होती. तेव्हा "चुका होत नाहीत" हे ऐकल्यावर मला एवढंच कळलं, की इथे सिस्टर बोलत नाहीत.

खात्री करावी म्हणून मी स्टाफशी एकटीने बोलायची परवानगी मागितली. लगेच मिळाली. मला एकटं वाटू नये म्हणून एचआर मॅडमही सोबत आल्या. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सगळे सर खूप चांगले आहेत," आणि ते बरोबर म्हटलं का, हे पाहायला मॅडमकडे बघितलं. ड्रेसिंग रूममध्ये हसण्याचा आवाज येत होता, आम्ही दारात पोचताच तो बंद झाला. आणि मला मिळणार होती त्या खोलीच्या दारावर नावाची पाटी नव्हती, स्क्रूची भोकं मात्र होती. वेगवेगळ्या मापांच्या पाट्यांची. आजवर मी पाहिलेल्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा ते दार जास्त खरं बोलत होतं.

माझ्या आधीच्या डॉक्टरांचा नंबर मागितला. "त्या वैयक्तिक कारणासाठी गेल्या," एचआर मॅडम म्हणाल्या आणि तेवढ्यात त्यांना एक महत्त्वाचा फोन आला.

लिफ्टमध्ये एक वयस्कर सिस्टर भेटल्या. "तुम्ही त्या मॅडमच्या जागी का?"

"हो."

"कुठल्या? यंदा गेल्या त्यांच्या, की मागच्या वर्षी गेल्या त्यांच्या?"

मी गप्प. त्यांनी खिशातून कागद काढून त्यावर नंबर लिहून दिला.

"बोला त्यांच्याशी, बाई खरं सांगतील," त्या म्हणाल्या. "आणि तिकडे सिस्टरची जागा आहे का, तेही विचारा. दोघींसाठी."