काट्याचा नायटा

बाभळीच्या काट्याला चपलेचं काही वाटत नाही. हवाई चपलेचं रबर म्हणजे त्याच्या लेखी लोणी. धुऱ्यावरून चालताना तो टाचेत घुसला की मी मटकन खाली बसतो, उपटतो आणि हाती आलेला तुकडा पाहून खूश होतो. चूक होते ती इथेच. काटा पाच-सात सेंटिमीटरचा असू शकतो. त्यातला हातात किती आला आणि आत किती राहिला, हा हिशोब त्या घटकेला कोणीच करत नाही. तो रात्री होतो, ठणका सुरू झाल्यावर.

काटा दुखतो, असं आपण म्हणतो. मला हे त्या काट्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं. तो बिचारा टोचून मोकळा झालेला असतो. पुढची टमाटरासारखी लाल टाच, सूज आणि पू, हे सगळं त्याला बघायला जमलेल्या गर्दीचं काम. आणि ही गर्दी आपणच दवंडी पिटवून बोलावलेली असते.

त्या दवंडीचं नाव केमोकाइन. ही ८ ते १० किलोडाल्टनची, म्हणजे प्रथिनांच्या हिशोबात अगदी चिल्लर प्रथिनं. माणसाच्या शरीरात ती पन्नासच्या आसपास आहेत आणि ती ऐकणारे पेशींवरचे कान, म्हणजे रिसेप्टर, वीसेक. काट्याबरोबर मातीतले जंतू आत गेले की कातडीच्या पेशी आणि तिथेच मुक्कामाला असलेल्या भक्षक पेशी ही प्रथिनं सोडू लागतात. सगळ्यात मोठ्या आवाजात ओरडतं ते सीएक्ससीएल-८. त्याचं जुनं नाव इंटरल्यूकिन-८. याखेरीजही त्याला तीन-चार नावं होती, कारण ज्याला सापडलं त्याने आपल्या मनाने बारसं केलं. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि गावात हाक मारायचं तिसरंच, तशी गत. शेवटी २००० साली सगळ्या केमोकाइनांना शिस्तीत नावं आणि नंबर मिळाले. नावं तरीही अशीच, की उच्चारताना जिभेत काटा मोडावा.

ही हाक न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींसाठी असते. पण हाक वाहत्या रक्तात सोडली तर वाहून जाणार. म्हणून रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांना ती अडकवून ठेवलेली असते. न्यूट्रोफिल भिंतीला घासत, गडगडत येतो, हाक ऐकतो, जागीच चिकटतो आणि दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतो. बसस्टँडावर आलुबोंड्याचं तळण निघालं की माणूस वास जिकडे दाट तिकडे वळतो, तसा तोही केमोकाइन जिकडे दाट तिकडे सरकतो. दाटी सगळ्यात जास्त काट्यापाशी.

पहिले पाहुणे काही तासांत हजर. दिवस-दोन दिवसांत सीसीएल-२ या दुसऱ्या केमोकाइनची हाक ऐकून मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. त्यांचं काम उष्टी-खरकटी काढण्याचं. न्यूट्रोफिलांची आपल्याला ददात नाही, अस्थिमज्जा दिवसाला शंभर अब्जांच्या घरात तयार करते. ते येतात, जंतू गिळतात, विकरं म्हणजे एन्झाइम ओततात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच मढी. पुवाला हिरवट झाक येते तीही त्यांच्यातल्याच मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या विकराची. म्हणी करणाऱ्याने काट्याचा नायटा केला खरा, पण नायटा बुरशीचा. काट्याचं होतं ते गळू. म्हण मात्र आता कोण दुरुस्त करणार?

जंतू मरतात, काटा मरत नाही. लाकडातलं सेल्युलोज पचवणारं विकर माणसाच्या शरीराकडे नाहीच. ते बैलाच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे असतं आणि बैल आपल्या टाचेत मावत नाही. म्हणून दवंडी चालूच राहते. शेवटी भक्षक पेशी एकमेकींत मिसळून जाडजूड होतात आणि काट्याभोवती कुंपण घालून बसतात. महिनोन्‌महिने टाचेत जी टणक गाठ चालताना टोचते, ती हीच.

एवढ्यात ओसरीवरून म्हातारी विचारतेच, “काउन रे, काटा रुतला का? बिब्बा लाव त्याले!”

आता बिब्ब्याबद्दल. बिब्बा घालणे याचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही, तरी तोच मराठी माणूस तो तापवून स्वतःच्या टाचेला लावतो. त्याच्या तेलातली रसायनं कातडी भाजतात, फोड आणतात. ज्याला त्याची ॲलर्जी असेल, त्याच्या कातडीच्या पेशी दिवस-दोन दिवसांत सीएक्ससीएल-१० सारख्या वेगळ्याच हाका सुरू करतात आणि त्या ऐकून टी-पेशी नावाच्या निराळ्याच पांढऱ्या पेशी येतात. म्हणजे एका काट्यासाठी दोन दवंड्या आणि दोन गर्द्या. काटा आपला मधे स्वस्थ.

काढायचं तर असं. साबणाने पाय स्वच्छ धुवा, पण कोमट पाण्यात तासभर बुडवून बसू नका. लाकूड पाणी पिऊन फुगतं, मऊ होतं आणि चिमट्यात तुटतं. शिवणाची सुई आणि चिमटा स्पिरिटने पुसा. काटा ज्या दिशेने आडवा गेलाय त्याच रेषेत वरची कातडी सुईने उकला, टोक मोकळं करा आणि गेला त्याच कोनात मागे ओढा. दाबून पिळू नका, खोल जातो. काट्याने काटा काढायचं शहाणपण तर मुळीच नको, दुसऱ्या काट्यालाही तीच माती असते. धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील तर ते घ्या. खोल गेला असेल, सांध्याजवळ असेल, लाल रेघ वर चढत असेल, ताप असेल किंवा शुगर असेल, तर सुई खाली ठेवून दवाखाना गाठा. तिथे एक्स-रेचा हट्ट धरू नका; लाकूड त्यात सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं. आणि जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलं तर घाबरू नका. सीसीएल-२१ ची हाक ऐकून काही पेशी काट्याची खबर घेऊन तिथल्या गाठीपर्यंत गेलेल्या असतात, तिथे बैठक भरलेली असते.

मग ही दवंडीच बंद पाडणारं औषध का नाही? संधिवातात तर काटा नसतानाच दवंडी चालते. बऱ्याच औषधांनी प्रयत्न केला आणि बरीचशी आपटली, कारण एक हाक बंद केली की तेच काम दुसरी करते. एक कान मात्र कामाला आला: सीसीआर-५. एचआयव्हीचे बहुतेक विषाणू पेशीत शिरताना त्याची कडी वाजवतात. तो कान झाकणारं मॅराविरोक हे औषध २००७ पासून आहे.

जे औषध कंपन्यांना नीट जमलं नाही, ते गोचिडीला जमतं. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीच्या लाळेत इव्हेसिन नावाची प्रथिनं सापडली आहेत. ती केमोकाइनांना हवेतल्या हवेत धरावं तशी धरून ठेवतात. एक इव्हेसिन तर आपल्या सीएक्ससीएल-८ लाही पकडतं. दवंडी निघते, पण ऐकू कोणालाच जात नाही. म्हणून काटा रात्रभर झोपू देत नाही आणि गोचीड दिवसेंदिवस पंगतीला बसते तरी पत्ता लागत नाही. लागतो तो आंघोळीच्या वेळी, काखेत बोट अडखळल्यावर. चिमटा कातडीला टेकवून तिचं तोंड धरायचं आणि सरळ, सावकाश ओढायचं. रॉकेल, तेल, चटका काही नको. डिवचली तर पोटातलं आपल्याच अंगात ओकण्याचा धोका.

हे सगळं मी ओसरीवर समजावून सांगतो. म्हातारी शेवटपर्यंत ऐकून घेते, मान डोलावते आणि उठून आत जाते.

“थांब,” आतून आवाज येतो, “बिब्बा इथंच कुठं तरी होता.”