त्या मेसेजातली एक पायरी सगळं पुसून टाकते

गेल्या काही महिन्यांत बेळगावातल्या निम्म्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून गेला. मराठी ग्रुपवर मराठीत, कन्नड ग्रुपवर कन्नडात; तेवढ्यापुरता सीमाप्रश्न मिटलेला. म्हणणं असं: मोबाईलचा पिन विसरलात, किंवा घरातलं माणूस गेलं आणि पिन कुणालाच ठाऊक नाही, तरी दुकानदाराला पैसे देऊ नका. फोन बंद करा, व्हॉल्यूम आणि पॉवरचं बटण दाबून रिकव्हरी मोडमध्ये जा, लॉक निघेल, डेटा जसाच्या तसा राहील. नाही जमलं तर सिम बदलून पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, टाका. नाहीतर कॉम्प्युटरवर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा, किंवा चिप काढून वाचा. आणि काहीच नाही तर सिम कंपनीकडे सगळं साठलेलं असतंच.

मी इथंच बेळगावच्या शहापुरात मोबाईल दुरुस्त करतो, म्हणजे मेसेजातला तो पैसे उकळणारा दुकानदार मीच. माझा स्वार्थ धरूनच पुढचं वाचा.

रिकव्हरी मोडपासून सुरू करतो, कारण नुकसान तिथं होतं. खानापूरकडच्या एका गावातून काकू आणि त्यांचा मुलगा दुकानात आले. काका जाऊन तीन आठवडे झालेले. पोरानं पिशवीतून फोन काढून काउंटरवर ठेवला. स्क्रीनवर भाषा निवडायची पाटी, कोऱ्या फोनवर येते ती.

"लॉक गेलं की हो, पण फोटो दिसंनात," तो म्हणाला.

"बटणानं खाली-खाली जाऊन कुठल्या ओळीवर थांबलास?"

"वाइप डेटा का काय होतं. मेसेजात तेच दाबा म्हटलेलं."

काकू दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या. मी फोन उगाचच पुसत राहिलो.

यातली 'रिकव्हरी' फोनची असते, डेटाची नव्हे. बिघडलेला फोन परत चालू व्हावा म्हणून ती सोय आहे. आणि वाइप म्हणजे पुसणं, सरळ अर्थ. वर गंमत अशी की एवढं करून लॉकही सुटत नाही. अँड्रॉइड 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून, असा पुसलेला फोन चालू करताना आधीचा पिन किंवा आधीचं गुगल खातं मागतो. डेटा गेला तो गेलाच, फोनही अडकला.

पुसलेलं परत का येत नाही? लोकांच्या डोक्यात अजून कपाट आणि कुलूप आहे: कुलूप फोडलं की आतले कागद हातात. आताच्या फोनात कागदावरची अक्षरंच विस्कटून ठेवलेली असतात. ती जुळवायची किल्ली तुमचा पिन आणि त्या फोनच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला गुप्त आकडा, दोन्ही मिळून तयार होते. आयफोनमध्ये 2014 च्या आयओएस 8 पासून बहुतेक डेटा पिनशी असा बांधला गेला. अँड्रॉइडवर 2015 पासून बऱ्याच फोनांत हे आलं, आणि अँड्रॉइड 10 घेऊन बाजारात आलेल्या नव्या फोनांना सक्तीचं झालं. वाइप केलं की फोन किल्ल्याच फेकून देतो. मागे उरतो तो चोथा.

चिप काढून वाचण्याचं उत्तरही यातच आलं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या साध्या फोनांवर ते व्हायचं. आता चिप काढली तरी विस्कटलेली अक्षरं मिळतात, आणि किल्लीचा अर्धा भाग बोर्डावरच्या दुसऱ्या चिपमध्ये राहतो. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयला सॅन बर्नार्डिनो शहरात गोळीबार करणाऱ्या हल्लेखोराचा एक आयफोन 5सी उघडायचा होता. अॅपलला त्यांनी कोर्टात खेचलं, आणि शेवटी बाहेरच्या कुणाकडून तरी तो उघडून घेतला. फोन उघडायची जी यंत्रं पोलिसांना विकली जातात, ती आपल्या खडेबाजारात मिळत नाहीत.

पीयूकेची गोष्ट मात्र अगदीच हवेतली नाही. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये खरंच अशी चूक होती: दुसरं सिम घालायचं, त्याचा पिन तीनदा चुकवायचा, पीयूके टाकायचा, की स्क्रीन लॉक बाजूला व्हायचं. नोव्हेंबर 2022 च्या अपडेटमध्ये ती बुजवली, आणि ज्यानं शोधून कळवली त्याला गुगलनं 70,000 डॉलर बक्षीस दिलं. तीसुद्धा चालू करून निदान एकदा उघडलेल्या फोनवरच पुरती चालायची. मेसेज लिहिणाऱ्यानं अर्धी बातमी वाचली असणार. आज तुम्ही पीयूके दहा वेळा चुकवलात तर सिमच कायमचं बाद होतं.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. फोनातून डेटा ओढायला यूएसबी डिबगिंग, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या आत शिरू देणारी सेटिंग, आधीपासून चालू हवं, आणि त्या कॉम्प्युटरला उघड्या फोनवरून एकदा परवानगी दिलेली हवी. तशी नसेल तर यातली बहुतेक सॉफ्टवेअरं पैसे भरून घेतात आणि वाइपच करतात. सिम कंपनीकडे कुणाला, कधी, किती वेळ कॉल झाला याची नोंद असते. फोटो नसतात, आणि व्हॉट्सअॅपचा मजकूर तिला वाचताच येत नाही.

आणि पहिलंच वाक्य, 'फोन बंद करा'. पिन विसरलाय पण बोटानं फोन उघडतोय, असं गिऱ्हाईक माझ्याकडे येतं तेव्हा मी आधी त्याचा फोन चार्जरला लावतो. एकदा बंद झाला की पिनशिवाय ठसा चालत नाही, आणि चालू ठेवला तरी अँड्रॉइड फोन साधारण 72 तासांत पिन मागतोच. तेवढ्या वेळात बोटानं उघडून फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे. आयफोनचा पासकोड परवाच बदलून विसरला असाल, तर आयओएस 17 पासून जुना पासकोड 72 तास चालतो. टच मेला असेल पण स्क्रीन दिसत असेल आणि पिन ठाऊक असेल, तर ओटीजी, म्हणजे फोनला यूएसबीच्या वस्तू जोडायची पिन, लावून साधा माउस जोडा.

गेलेल्या माणसाच्या फोनबाबत एक घाई मात्र करू नका: सिम काढून दुसऱ्या फोनात व्हॉट्सअॅप सुरू करणं. कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप वेब जोडलेलं असेल तर अलीकडचे मेसेज तिथं असतात. नव्या फोनात खातं उघडलं की ते वेब सुटतं, आणि मूळ फोन 14 दिवस वापरला नाही तरी सुटतं. आधी तिथलं उतरवून घ्या. नंबर बहुतेकदा गुगल खात्यात सापडतात. जमिनीच्या उताऱ्याचे फोटो गेले म्हणून रडणारे येतात, त्यांना मी कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या 'भूमी' साइटवर पाठवतो. उतारा तिथं परत मिळतो.

काकूंच्या फोनात मेमरी कार्ड होतं. वाइपनं त्याला हात लावला नव्हता. कार्ड रीडरला लावलं, तर गावच्या यात्रेचे आणि एका म्हशीचे बरेच फोटो निघाले. काकू म्हणाल्या, "फोटो आहेत हो घरी. आवाज पाहिजे होता."

काकूंची मुलगी चिंचवडला असते. दुकानातूनच तिला फोन लावला आणि वडिलांच्या चॅटमधले व्हॉइस मेसेज भावाला पाठवायला सांगितले. 19 आले. बहुतेकांत एवढंच होतं: "गाडीत बसलीस काय?"