हँडिकॅप म्हणजे सरासरी नव्हे

गोल्फमध्ये कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांना पार म्हणतात, आणि खेळाडूला त्यावर जे जादा फटके मुभा म्हणून मिळतात, तो त्याचा हँडिकॅप. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर खेळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतो आहे: 'हँडिकॅप १८ असेल, तर पार ७२च्या कोर्सवर दर वेळी ९० यायलाच हवेत, येत नसतील तर हँडिकॅप खोटा.' हे चूक आहे. आणि त्यापायी नवे खेळाडू उगाच खट्टू होतात, म्हणून हा खुलासा.

२०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्या धरतात. त्यातल्या सर्वांत चांगल्या ८ निवडून त्यांची सरासरी काढतात. उरलेल्या १२ हिशेबातच येत नाहीत! म्हणजे हँडिकॅप तुमचा रोजचा खेळ सांगत नाही, तुमची कुवत सांगतो. आता त्या ८ फेऱ्यांपैकीही साधारण निम्म्याच सरासरीइतक्या किंवा तिच्याहून सरस असणार. वीसातल्या चार. त्यामुळे चार-पाच फेऱ्यांतून एकदा हँडिकॅपइतका खेळ झाला, तर सगळं ठीक चाललंय असं समजा. एरवी दोन-चार फटके जास्त लागणं अगदी स्वाभाविक आहे.

'७२ अधिक १८' ही बेरीजही ढोबळच, कारण हिशेबात कोर्सचं रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे किती फटके लागावेत) आणि स्लोप (साधारण खेळाडूला तो त्यामानानं किती अवघड जातो) हेही धरतात.

उलट, कुणी दर रविवारी हँडिकॅपपेक्षा चांगलं खेळत असेल, तर त्याची सगळी स्कोअरकार्डं जमा होताहेत ना, हे कमिटीनं जरूर पाहावं. शंका घ्यायचीच तर तिथे घ्या. ९४ मारून आलेल्या माणसावर नको.