रात्रीचा डबा बंद केला तर?

"धंद्यात धाडसी प्रश्न विचारा" हे वाक्य हल्ली प्रत्येक सेमिनारात ऐकायला मिळतं. लोक टाळ्या वाजवतात, चहा-पोहे घेतात आणि दुकानात येऊन तोच जुना प्रश्न विचारतात, "सेल कसा वाढवायचा?" यात धाडस कसलं? माझ्या आजोबांच्या वेळच्या किराणावाल्यालाही हा प्रश्न रोज सकाळी शटर उघडताना पडत असेल.

मी पेशाने सीए. इंदूरच्या लहान-मोठ्या धंद्यांचे हिशेब बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून बनलेलं माझं मत असं, की प्रश्न ऐकायला किती भारी वाटतो याला काही अर्थ नाही. त्याच्या उत्तरात विचारणाऱ्याचं स्वतःचं काही जाऊ शकतं का, ते बघावं. बांधलेलं गिऱ्हाईक, बसलेली घडी, आरामाची सवय, प्रसंगी खुर्चीसुद्धा. यातलं काहीच जाणार नसेल तर त्या प्रश्नाला धाडसी म्हणू नका, गप्पा म्हणा.

भंवरकुआंच्या बाजूला एक काकू मेस चालवतात. त्या भागात कोचिंगवाल्या पोरांची केवढी गर्दी आहे ते इंदूरकरांना सांगायला नको. काकूंचे दोन वेळचे डबे, महिन्याचा अ‍ॅडव्हान्स, खाडे झाले तर ते बिलातून वजा. रात्रीच्या डब्यातल्या पोळ्या परत यायला लागल्या. काकूंनी आधी कणीक बदलली, मग भाज्या बदलल्या, मग रविवारी श्रीखंड सुरू केलं. पोळ्या परत येतच राहिल्या. मग एकदा सूनबाई भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई, आपला डबा साडेसातला निघतो तो पोरांना भूक लागते म्हणून, की आपला गॅस आठला बंद व्हावा म्हणून?"

घरात दोन दिवस धुसफूस. साहजिकच होतं. पोरांचे क्लास सुटतात नऊ-साडेनऊला, तोवर डब्यातली पोळी चामड्यासारखी होते, हे काकूंना काय माहीत नव्हतं? माहीत सगळ्यांना होतं, विचारलं कुणी नव्हतं. कारण पुढचा प्रश्न आपोआप येणार होता, रात्रीचा डबा बंदच केला तर?

काकू माझ्याकडे डायरी घेऊन आल्या. प्रत्येक पोराच्या नावापुढे तारखांचे चौकोन, खाड्याला लाल फुली. रात्रीच्या रकान्यात इतक्या फुल्या की पान गोवर आल्यासारखं दिसत होतं. पण त्याच डायरीच्या पहिल्या पानावर अ‍ॅडव्हान्सची बेरीज होती, आणि त्या पैशावर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराणा भरला जायचा. रात्रीचा डबा गेला की त्यातला निम्मा अ‍ॅडव्हान्स गेला. धाडस म्हणतात ते हे. फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवण्यात ते नसतं.

शेवटी दुपारचा डबा तसाच ठेवला. रात्री नऊ ते साडेअकरा घराच्या ओट्यावरच गरम मुगाची खिचडी-कढी, पिठलं-भात, प्लेटवर पैसे, आलात तर आलात. पहिल्या महिन्यात किराणावाल्याकडे उधारी ठेवावी लागली. आता रात्रीची कमाई दुपारपेक्षा जास्त आहे. मात्र काकू झोपतात साडेबाराला, आणि त्यांच्या पाठीची नोंद माझ्या बॅलन्सशीटमध्ये कुठेच होत नाही. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर पोस्ट वाचून उद्या कुणीतरी बायकोला ओट्यावर बसवायचा.

मोठ्या कंपन्यांचंही याहून फार वेगळं नसतं. इंटेल आज प्रोसेसरसाठी ओळखली जाते, पण तिची सुरुवात मेमरी चिप्सवर झाली होती. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी त्या धंद्यात तिला पार घायकुतीला आणलं. 1985 च्या सुमारास कंपनीचा अध्यक्ष अँडी ग्रोव्हने सीईओ गॉर्डन मूरला विचारलं, की आपल्या दोघांना हाकलून संचालकांनी नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूरचं उत्तर लगेच आलं, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग ग्रोव्ह म्हणाला, तर ते आपणच का करू नये? पुढे कारखाने बंद झाले, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि कंपनी प्रोसेसरवर उभी राहिली. त्या प्रश्नाची रचना बघा. "आपण काय करावं" असं विचारलं असतं तर दोघांनी मेमरी वाचवायचे आणखी चार उपाय काढले असते. स्वतःला एका वाक्यात खुर्चीवरून उठवलं, म्हणून उत्तर निघालं.

ज्यांचं काही जात नाही ते असे प्रश्न सहज विचारतात, तेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पोलरॉइड कंपनीच्या एडविन लँडच्या तीन वर्षांच्या मुलीने 1943 मध्ये सुट्टीत विचारलं, की फोटो काढला तर तो आत्ता का नाही दिसत? 1948 मध्ये बोस्टनच्या दुकानात त्याचा झटपट कॅमेरा विक्रीला आला. मधली पाच वर्षं रसायनांशी झटापट बापाने केली, हे मात्र सेमिनारवाले सांगत नाहीत. आपल्याकडे घरात नवी आलेली सून, दुकानात नुकता लागलेला पोरगा, हीच माणसं हे प्रश्न विचारू शकतात, आणि त्यांनाच आपण पहिलं काय शिकवतो? "जास्त शहाणपणा करू नकोस."

आता आपल्या महापालिकेचं बघा. सरकारी कामाची स्तुती मी सहसा करत नाही, पण इथे हिशेब चोख आहे. ओला कचरा म्हणजे खर्च, तो उचलायचा आणि कुठेतरी नेऊन टाकायचा, हे सगळ्या शहरांचं गणित. इंदूरने विचार उलटा केला, या कचऱ्याचे कुणी आपल्याला पैसे देईल का? 19 फेब्रुवारी 2022 ला सुरू झालेल्या बायो-सीएनजी (म्हणजे कचऱ्यापासून गॅस) प्लांटची क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची आहे. प्लांट खासगी कंपनीने उभारला, आणि उलट महापालिकेलाच वर्षाला अडीच कोटी मिळतील असा करार झाला. त्या गॅसवर शहराच्या बसही धावतात. पण हा प्रश्न विचारायची ऐपत आधी कमवावी लागली. घराघरात ओला-सुका वेगळा झाला नसता तर त्या प्लांटला कुणी विचारलंही नसतं. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर लागत होता तो कचरागाडीवरच्या गाण्यामुळे नव्हे, त्या दोन डब्यांमुळे.

दुसरा प्रकार तर आमच्या धंद्यातला. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून पंपाने चढवून इंदूरला आणायचं, तर विजेचं बिल डोळे पांढरे करणारं. बिल कमी कसं करायचं, हा नेहमीचा प्रश्न. त्याऐवजी सौर वीज आपणच तयार करू, आणि त्याचे पैसे थेट लोकांकडून घेऊ का, हा वेगळा प्रश्न. फेब्रुवारी 2023 मध्ये महापालिकेने ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून 244 कोटी उभे केले. ज्या माणसांचे पाणीपट्टीवरून महापालिकेशी वाद चालू होते, तीच माणसं माझ्याकडे येऊन विचारत होती, "भिया, बाँड घेऊन टाकू का?" आणि यात महापालिकेचं काय पणाला लागलं म्हणाल, तर हिशेब चारचौघांत उघडा करणं. बाजारात उतरायचं म्हणजे पुस्तकं दाखवावी लागतात.

तसं इंदूरला उलटं देणं-घेणं नवं नाही म्हणा. रेल्वेसाठी तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारलाच एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीवर. कर्जाची फाईल घेऊन बँकेत ताटकळताना हे आठवलं की जरा बरं वाटतं.

प्रश्न धाडसी असला म्हणजे सगळं माफ, असंही नाही. अमेरिकेतल्या थेरानोस कंपनीचा प्रश्न झकासच होता, रक्ताच्या थेंबभरावर सगळ्या तपासण्या का होऊ नयेत? यंत्राला ते जमत नव्हतं, तरी जमतं असं सांगून गुंतवणूकदारांकडून पैसे घेतले गेले, आणि 2022 मध्ये तिची संस्थापक एलिझाबेथ होम्स फसवणुकीत दोषी ठरली. उत्तर "नाही" आलं तर ते लिहून ठेवायची तयारी हवी. माझ्या बघण्यात धंदे बुडाले ते प्रश्नांपायी कमी, नको असलेलं उत्तर दडपल्याने जास्त.

एमआयटीचे हॅल ग्रेगर्सन यांची एक पद्धत आहे. अडचण थोडक्यात मांडायची आणि मग चार मिनिटं फक्त प्रश्न. उत्तर द्यायचं नाही, स्पष्टीकरण द्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या माणसांना उत्तर गिळणं म्हणजे शिंक दाबण्याइतकं अवघड. आमच्या ऑफिसात करून बघितलं तर दुसऱ्याच मिनिटाला माझे पार्टनर "त्याचं कारण असं आहे की..." म्हणून सुरू झाले. फाईली लावणारा पोरगा शेवटी म्हणाला, "सर, रिटर्न भरायचे आपण पैसे घेतो, ते तर आता सॉफ्टवेअरच भरतंय. आणि फोनवर अर्धा-अर्धा तास सल्ला देता तो फुकट. उलटं केलं तर?" सगळे हसले. पार्टनर हसले नाहीत, आणि मीही मनातल्या मनात मार्च महिन्याची फी मोजत होतो. निर्णय अजून झालेला नाही. पोराचा पगार मात्र वाढवलाय.

इंदूरच्या मराठी धंदेवाल्यांसाठी माझ्याकडे एक प्रश्न तयार आहे. साबुदाण्याची खिचडी आपल्या उपवासाच्या ताटातली. ती सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेली, वर शेव-मिक्श्चर पडलं, आणि एकादशी असो-नसो, सगळं इंदूर ती रात्री बारा वाजता उभ्याने खातं. मग थालीपीठ अजून जत्रेच्या स्टॉलवर आणि आपल्याच नातेवाइकांच्या ऑर्डरवर का अडकलंय? "त्यांना आवडणार नाही" असं म्हणणाऱ्यांनी कुणाला खाऊ घालून बघितलंय? की त्यावर शेव टाकावी लागेल, हेच आपल्याला सोसत नाही? कुणाला हे मनावर घ्यायचं असेल तर भाजणी, तेल, गॅस, जागेचं भाडं सगळं धरून एका नगाची किंमत काढून ठेवा आणि माझ्याकडे या. पहिला हिशेब मी फुकट बघतो. पार्टनरना सांगू नका.