म्हणे सिंध्यांनी भाषा सोडली आणि पैसा आला

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर परत फिरतोय: ‘सिंध्यांकडून शिका. भाषेचा अभिमान गुंडाळून ठेवला, पोरांना इंग्रजी शाळेत घातलं, म्हणून आज करोडपती. आपण मराठी-मराठी करत बसलो.’ मी कल्याणचा. सिंध्यांच्या उल्हासनगरला आठवड्यातून दोन फेऱ्या ठरलेल्या. गप्प बसवेना.

‘भाषा सोडली म्हणून पैसा आला.’ अहो, हे उलटंच झालं. सिंधमधल्या हैदराबादच्या सिंधवर्की, म्हणजे सिंधी कलाकुसरीचा माल विकणाऱ्या, व्यापाऱ्यांच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकातच जपानपासून इजिप्तपर्यंत पोचल्या होत्या. शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या त्याआधीपासून मध्य आशियातल्या बुखाऱ्यात वटत. गिऱ्हाइकाशी बोलताना लागेल ती भाषा, पण हिशेबाच्या वह्या आपल्या वाणिका या व्यापारी लिपीत.

‘अभिमान गुंडाळून ठेवला.’ फाळणीनंतर हाताशी स्वतःचं राज्य नाही, तरी मागणी लावून धरून 10 एप्रिल 1967 रोजी सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आणली त्यांनी. अडलं ते दुसरीकडे. 52 अक्षरांची अरबी वळणाची लिपी की देवनागरी, हा वाद मिटलाच नाही. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येत नाही, अशी घरं झाली.

कोणी म्हणेल, ‘इंग्रजीपुढे सिंधी टिकली नाही.’ यात थोडं तथ्य आहे. ‘सिंधी शिकून नोकरी कुठे मिळणार?’ हे मी आईबापांच्या तोंडून ऐकलंय, सिंधी माध्यमाच्या शाळा ओस पडल्या त्यात या प्रश्नाचा वाटा आहेच. पण माझ्या नेहमीच्या कापड दुकानात बघा. गल्ल्यावरचे आजोबा विचारतात, ‘पुट, मानी खाधी?’ म्हणजे जेवलास का बाळा. नातू मोबाइलमधून मान न काढता म्हणतो, ‘हां दादा, खा लिया.’ घरात शिरली ती हिंदी. सिंधीत श्वास आत ओढून म्हटलेला ‘ॿार’ म्हणजे मूल, साधा ‘बार’ म्हणजे ओझं. आजोबांनी दोन्ही म्हणून दाखवले. नातवाच्या तोंडी दोन्ही सारखेच.

आणि सिंधमध्ये? कराचीतल्या सुखवस्तू घरांना इंग्रजी शाळेचं वेड आपल्याइतकंच. पण तिथे 1972 साली, दंगली पेटल्या तरी, सिंधीच्या शिक्षणाचा आणि वापराचा कायदा झाला. शाळा, वर्तमानपत्रं, वाहिन्या सिंधीत चालतात. पाकिस्तानच्या 2023 च्या जनगणनेत सिंधीभाषक 3 कोटी 40 लाखांच्या आसपास. आपल्याकडे 2011 मध्ये 27 लाख 72 हजार, तेही कच्छी धरून. इंग्रजीचा मोह दोन्हीकडे होता, पायाखाली जमीन एकीकडेच.

राहिलं ‘आपण मराठी-मराठी करत बसलो’. मला हा मजकूर पाठवणाऱ्या मित्राची दोन्ही पोरं बालवाडीपासून इंग्रजी शाळेत आहेत. करोडपती अजून कोणी झालेलं नाही.