विद्यार्थ्यांनी स्वतः करावे

गाइड नावाच्या वाङ्मयप्रकारात एक वाक्य असतं. त्याच्याइतकं निष्ठुर वाक्य मी मराठीत दुसरं वाचलेलं नाही. पाठाखालचे सोपे प्रश्न गाइडवाले मोठ्या हौसेनं सोडवतात. 'शेतकऱ्याचा मित्र कोणास म्हणतात?' याचं 'गांडूळ' हे उत्तर ठळक ठशात, वर चौकट आखून देतात. रिकाम्या जागा भरतात, जोड्या लावतात, चूक की बरोबर तेही सांगून टाकतात. पण जिथे माणसाची खरोखर फे फे उडते, म्हणजे 'परिसरातील ओढ्याची पाहणी करून अहवाल लिहा' किंवा 'वाऱ्याची दिशा दाखवणारे उपकरण तयार करा', तिथे पोचलं की गाइड हात झटकून मोकळं होतं. उपक्रम: विद्यार्थ्यांनी स्वतः करावा.

आमच्या घरात हा विद्यार्थी म्हणजे मी.

तसे कागदोपत्री विद्यार्थी वेगळे आहेत. ओम पाचवीत, सई दहावीत. नणंदेचा प्रसाद बार्शीहून एमपीएससीसाठी आलाय, तो कोणत्या इयत्तेत आहे हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. शिवाय सासूबाई. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी मोबाइल शिकायला घेतलाय. या सगळ्यांकडे 'कसे करावे' हे सांगणारी पुस्तकं ढिगानं आहेत. पुस्तकं त्यांची, करायचं मी.

याची सुरुवात जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात होते. सवाई माधवराव अंबारीतून पडता पडता अप्पा बळवंत मेहेंदळ्यांनी त्यांना इथे सावरलं, म्हणून चौकाला हे नाव पडलं अशी आख्यायिका आहे. हल्ली जूनमध्ये तिथे पालक पडायला येतात, सावरायला मात्र कोणी नसतं. काउंटरशी पोचेपर्यंत निम्मी यादी घामानं पुसलेली असते.

"कितवी?"

"पाचवी."

"माध्यम?"

"मराठी. म्हणजे, सेमी."

"मग सेमी म्हणा ना. स्कॉलरशिपला बसतोय?"

"बसवायचंय."

हे ऐकताच वर शिडीवर उभ्या असलेल्या पोऱ्याला हाक गेली आणि वरून पुस्तकांचा वर्षाव सुरू झाला. मराठी, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता, वर सराव प्रश्नपत्रिकांचा संच. मी धीर करून म्हटलं, "बुद्धिमत्तेचं आमच्याकडे आहे हो, पुतण्याचं. गेल्याच वर्षीचं."

"ते चालणार नाही. ही सुधारित आवृत्ती."

"काय सुधारलंय यात?"

त्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "किंमत."

स्कॉलरशिपच्या परीक्षेत दीडशे दीडशे गुणांचे दोन पेपर असतात. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. ही बुद्धिमत्ता आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर तपासली जाते. एका रांगेत सीता डावीकडून नववी आणि उजवीकडून बारावी आहे, तर रांगेत एकूण मुली किती? ओम म्हणाला एकवीस. मी म्हटलं वीस, सीतेला दोनदा मोजलंस. सासूबाईंनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "पण एवढ्या पोरी रांगेत कशाला उभ्या केल्यात? रेशन आलंय का?" पुस्तकात याचं उत्तर नाही.

पुढचा प्रश्न नात्यांचा होता. फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून सुनील म्हणतो, 'ही माझ्या वडिलांच्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलाच्या मुलीची आई आहे.' तर ती सुनीलची कोण? नवऱ्यानं कागद घेऊन वंशवृक्ष काढला. प्रसादनं "मामी, हा आमच्या पूर्वपरीक्षेच्या सीसॅट पेपरलासुद्धा येतो" असं म्हणत चुकीचं उत्तर दिलं. शेवटी ती बाई सुनीलची आईच निघाली, तेव्हा सासूबाई भडकल्या. "स्वतःच्या आईला आई म्हणायला जीभ झडते का मेल्याची?"

या घरातली बुद्धिमत्ता कोणाकडे आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

ओमची खरी साडेसाती म्हणजे हस्तकलेचं पुस्तक. 'टाकाऊपासून टिकाऊ' ही कल्पना ज्या कोणाला सुचली, त्याच्या घरी बरंच टाकाऊ सामान असणार. आमच्याकडे साहित्याच्या यादीतलं काही म्हणजे काही टाकाऊ नव्हतं. आइस्क्रीमच्या पंचवीस काड्या, एक निरुपयोगी सीडी, जाड पुठ्ठा, रंगीत घोटीव कागद, थर्माकोलचा चौकोनी तुकडा. वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट करायला हे सगळं 'उद्या न्यायचंय' असं पोराला रात्री नऊला आठवलं. पोरांना असल्या गोष्टी नेहमी नऊलाच आठवतात, आधी आठवल्या तर त्यांचा फाउल धरत असावेत.

स्टेशनरीवाल्याचं शटर अर्धं खाली आलं होतं. मी वाकून आत पाहिलं तसा तो म्हणाला, "पाचवीचा वातकुक्कुट ना? सकाळपासून आयाच येतायत." त्याच्याकडे सगळं तयार होतं. काड्यांचं पाकीट होतं, आइस्क्रीमचा थेंबही न लागलेलं. कोऱ्या सीडीही होत्या, त्या आता बहुधा निरुपयोगी ठरण्यासाठीच बनत असाव्यात. थर्माकोल म्हटल्यावर मात्र त्यानं रस्त्याकडे पाहून आवाज खाली आणला. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवरही बंदी आली. पुस्तक त्याच्याही आधीचं असल्यामुळे त्यातली घरं, धरणं आणि ज्वालामुखी अजून थर्माकोलचेच आहेत. "बघतो एखादा तुकडा," तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी आणून दिलं. आम्ही दोघांनीही ते उघडून पाहिलं नाही.

वातकुक्कुट नवऱ्यानं केला. तो इंजिनिअर आहे, त्यामुळे पुस्तकातल्या कृती त्याला चुकीच्याच वाटतात. रात्री साडेअकरापर्यंत कोंबडा दिमाखात उभा राहिला, पण वारा कुठूनही आला तरी तो स्वयंपाकघराकडेच तोंड करायचा. शाळेत बाईंनी ओमला विचारलं, "छान आहे, पण स्वतः केलंस का?" पोरगं खरं बोलणारं. म्हणालं, "नाही बाई. आईनंपण नाही केलं. बाबांनी स्वतः केलं."

ओमच्या पिढीवर पुस्तकांचे प्रयोगही फार झाले. तो तिसरीत असताना बालभारतीनं पाठ्यपुस्तकातच 'माझी नोंद' अशी कोरी पानं घातली आणि सगळे विषय एकत्र करून वर्षाचे चार भाग केले. दप्तराचं ओझं कमी व्हावं, वहीचा खर्च वाचावा, हा हेतू होता. ओमनं त्या पानांवर पानागणिक एक डायनोसॉर काढला. शाळेनं वह्याही आणायला सांगितल्याच, त्यामुळे डायनोसॉरांना कोणी त्रास दिला नाही. पुढे ती पानं गेली, डायनोसॉर पुन्हा नामशेष झाले.

त्याच्याही बरंच आधी दुसरीच्या पुस्तकावरून 'वीस एक'चं प्रकरण झालं होतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्याबरोबर वीस एक, वीस दोन अशी वाचनपद्धत आली आणि महाराष्ट्र पेटला. विधानसभेतही कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचं म्हणणं तसं साधं होतं. जोडाक्षरांची संख्यानावं मुलांना जड जातात, शिवाय आपण बोलतो एका क्रमानं आणि लिहितो दुसऱ्या. पंच्याहत्तर म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना सात. मला विचाराल तर ते पटण्यासारखं आहे. पण हे मी सासूबाईंसमोर बोलले नाही, कारण त्यांच्याकडे अंकलिपी होती.

सासूबाईंची अंकलिपी म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी आणि औटकीपर्यंत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हा पाढा पाठ असलेली आमच्या सोसायटीतली त्या एकमेव व्यक्ती आहेत आणि त्याचा उपयोग त्या फक्त इतरांना खाली पाहायला लावण्यासाठी करतात. धाकट्या जावेच्या मुलीला शिकवतानाही तेच पुस्तक काढतात. त्यात अजून औताचा औ आणि ऐरणीचा ऐ आहे. पोरगी विचारते, ऐरण म्हणजे काय? जाऊ माझ्याकडे बघते, मी नवऱ्याकडे, नवरा मोबाइलकडे.

तर घरात एकाच आकड्याच्या तीन तऱ्हा नांदू लागल्या. भाजीवाल्यानं "पंच्याहत्तर झाले" म्हटलं की सासूबाई "पाऊणशे म्हण" सांगायच्या, ओम "सत्तर पाच" म्हणायचा आणि मी पैसे काढायचे. एकदा भाजीवालाच वैतागून म्हणाला, "ताई, सेव्हन्टी फाइव्ह द्या." तेव्हापासून शांतता आहे.

सईचं दुखणं निराळं. दहावीच्या भाषेच्या पेपरची आता कृतिपत्रिका झालीये. आकृतिबंध पूर्ण करा, ओघतक्ता तयार करा, आणि सगळ्यात शेवटी स्वमत. म्हणजे मुलांनी पाठांतर सोडून स्वतःचा विचार मांडावा. सुरेख कल्पना. गाइडवाल्यांनी ती ताबडतोब मनावर घेतली आणि स्वमतं छापून टाकली. प्रत्येक पाठामागे दोन-तीन तयार स्वमतं, 'माझ्या मते' पासून 'असे मला प्रामाणिकपणे वाटते' पर्यंत. दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुलं दहावीला बसतात. त्यांतल्या निम्म्यांनी जरी गाइड घोकलं, तरी इतक्या लोकांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याचा महाराष्ट्रातला हा एकमेव प्रसंग असावा.

सईनं चाचणी परीक्षेत खरोखरचं स्वमत लिहिलं. 'माझ्या मते हा पाठ लांबलाय. लेखकाला जे सांगायचं होतं ते पहिल्या पानावरच सांगून झालं होतं.' बाईंनी लाल पेनानं 'मुद्दे नाहीत' असा शेरा मारून अर्धा गुण दिला. मी पाठ वाचून पाहिला. पोरीचं शंभर टक्के बरोबर होतं. तरी मी तिला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, मार्चपर्यंत जे गाइडचं मत तेच आपलं मत. निकाल लागला की तुला हवं ते वाटू दे."

ती म्हणाली, "असे तुला प्रामाणिकपणे वाटते?"

प्रसादकडे अभ्यासाची पुस्तकं आहेतच, पण 'अभ्यास कसा करावा' याची त्याहून जास्त आहेत. पहाटे साडेचारला उठावे, असं त्यांतल्या एकात आहे. तो उठतो. उठल्यावर काय करावे ते दुसऱ्या पुस्तकात आहे, ते तो दुपारी वाचायला घेतो आणि त्यावरच डोकं टेकून झोपतो. हसू नये, पोराची बाजू खरी आहे. त्यानं बहुपर्यायी प्रश्नांची कपाटभर पुस्तकं जमवली आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. २०२३ साली मुलं पुण्यात रस्त्यावर बसली, मग बदल २०२५ वर गेला. पण आला तो आलाच, नऊ पेपर आणि गुणवत्तेत धरायचे १७५० गुण घेऊन. आता चार पर्यायांतून एकावर गोल रंगवणाऱ्या हाताला पानं भरायचीयत.

ती पानं तपासायला माझ्याकडे येतात. "मामी, एवढं बघा ना." विषय होता दुष्काळ निवारणाच्या उपायांचे मूल्यमापन. त्यानं लिहिलं होतं, 'जलसंधारण ही काळाची गरज असून लोकसहभाग अत्यंत महत्त्वाचा आहे.' असं सलग दीड पान. मी विचारलं, "तुमच्याकडे टँकर यायचा ना रे?" मग गडी खुलला. टँकर विहिरीत कसा ओतायचे, कोणाच्या घागरी आधी लागायच्या, चारा छावणीत आजोबा बैलांजवळ मुक्कामाला कसे होते, शेततळ्याचं अनुदान कुठे अडकलं. वरण थंड होईस्तोवर बोलत होता.

"अरे, मग हे लिही की!"

तो बिचकला. "मामी, हे पुस्तकात नाहीये."

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना नवऱ्यानं ज्येष्ठांसाठीचं मोबाइलचं पुस्तक आणून दिलं, मोठ्या टायपातलं, चित्रांसकट. चित्रातला फोन वेगळा, हातातला वेगळा. 'वरच्या उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांना हळुवार स्पर्श करा' असं वाचून त्यांनी टिंबं शोधली, तर ती खालीच होती. "लेखकानं फोन उलटा धरला असेल," असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं आणि ओमला हाताशी धरलं. मोबदल्यात एक पाढा माफ. आठवडाभरात त्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आल्या, पंधरवड्यात तिथे भांडल्या.

परवा दुपारी बेल वाजली. दारात पार्सलवाला. नाव सासूबाईंचं. त्यांनी आतूनच ओरडून सांगितलं, "माझंच आहे गं. मी स्वतः मागवलंय, कुणाला विचारलं नाही." चेहऱ्यावर औटकी म्हणतानाचं तेज. मी खोकं फोडलं. आत पालकांनी मुलांचा अभ्यास कसा घ्यावा हे शिकवणारं पुस्तक होतं, सुधारित आवृत्ती.

"अहो आई, हे कोणासाठी?"

"तुझ्यासाठीच. किती धावपळ होते तुझी!" त्या मायेनं म्हणाल्या. "आणि त्याला पैसे तेवढे दे. ते आधी कसे भरायचे, तो धडा अजून व्हायचाय माझा."