दिवा आणि डोळा एकाच तारेवर

गेल्या रविवारी वहिनीशी फोनवर चांगलंच वाजलं. पुण्यात सातारा रस्त्याच्या बाजूला आमचं घर आहे. गल्लीच्या तोंडाशी असलेला दिवा तीन आठवडे बंद आहे आणि माझी भाची रात्री साडेनऊला अभ्यासिकेतून त्याच अंधारातून येते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी सुचवलं, की नवीन नगरसेवकांकडे नुसता दिवा कशाला मागायचा, स्मार्ट खांबच मागूया. म्हणजे एलईडी, वायफाय आणि कॅमेरा, सगळं एकत्र. पटापट अंगठे आले. मी विचारलं, कॅमेऱ्यातलं चित्रण कोण बघणार, किती दिवस ठेवणार? ग्रुपवर उत्तर आलं, "ज्याला काही लपवायचं नाही त्याला भीती कसली?" वहिनीने मात्र सरळ फोनच लावला. "अगं, तुझ्या दारात उजेड आहे म्हणून तुला कॅमेऱ्याची काळजी. आमच्याकडे आधी उजेड तर पडू दे."

तिचं हे वाक्य आठवडाभर मनातून गेलं नाही. तिचं बरोबर आहे. तरी माझा प्रश्न मी मागे घेत नाही, कारण मी अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात राहते, आणि खांबावर काय बसतं हे नंतर कळलं तर काय होतं ते या शहराने पाहिलंय.

डिसेंबर 2016 मध्ये इथल्या नगर परिषदेने रस्त्यावरचे दिवे बदलण्याचा सुमारे 3 कोटी डॉलरचा करार मंजूर केला. जुने दिवे काढून एलईडी लावायचे, वीज वाचवायची, वाहनं मोजायची, पार्किंगची रिकामी जागा सांगायची, अशी ती योजना. पुढे तीन हजारांहून अधिक खांबांवर जे यंत्र बसलं, त्यात तापमान आणि आर्द्रता मोजायची सोय होती, मायक्रोफोन होता आणि कॅमेराही होता. लोकांच्या दृष्टीने तो दिवाच होता. दिव्याला कोण विरोध करणार?

खांबच का, हेही समजून घेण्यासारखं आहे. शहरात जागोजागी वीज पोहोचलेली, उंचावरची, रस्त्याकडे तोंड असलेली आणि आधीच महापालिकेच्या मालकीची अशी दुसरी वस्तू नाही. नवीन खड्डा नको, नवीन परवानगी नको, जागामालकाशी वाद नको. कॅमेऱ्यासाठी वेगळा खांब उभारला असता तर दारातल्या माणसाने विचारलं असतं, हे काय चाललंय. दिवा बदलताना कुणी विचारत नाही.

पोलिसांनी हे चित्रण पहिल्यांदा वापरलं ऑगस्ट 2018 मध्ये, गॅसबत्त्यांवरून नाव पडलेल्या गॅसलॅम्प भागात. माझ्या मताविरुद्ध जाणारी गोष्टही सांगायला हवी: खुनाच्या आरोपाखाली पकडलेल्या माणसाने स्वतःला वाचवण्यासाठी हात उचलला होता, हे त्या चित्रणातूनच पुढे आलं. कॅमेऱ्याने एका माणसाचं आयुष्य वाचवलं. पण आपल्या डोक्यावरच्या दिव्यातून पोलीस बघू शकतात, हे बहुतेक शहराला कळलं 2019 मध्ये. 2020 च्या उन्हाळ्यात, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या निदर्शनांच्या काळातलं चित्रणही पोलिसांनी तपासलं. पार्किंग शोधायला आणलेलं यंत्र चार वर्षांत मोर्चापर्यंत पोहोचलं होतं.

सप्टेंबर 2020 मध्ये महापौर केव्हिन फॉकनर यांनी कॅमेरे बंद करायला सांगितले. मग कळलं, की दिवा आणि कॅमेरा एकाच विजेवर चालतात. कॅमेऱ्याची वीज तोडायची तर रस्त्यावर अंधार करावा लागेल. पोलिसांना चित्रण मिळणं थांबलं, पण यंत्रं तशीच जागी राहिली. हे वाचलं त्या रात्री मी बाल्कनीत बराच वेळ समोरच्या खांबाकडे बघत उभी होते. उजेड हवा असेल तर डोळाही सहन करा, अशी जोडणी आपल्यासाठी कुणीतरी करून ठेवली होती आणि ती करताना आपल्याला विचारलंही नव्हतं.

त्यानंतर इथे जे झालं त्याचं मला मोल वाटतं. तीसेक संघटना एकत्र आल्या. मोनिका माँटगोमेरी या नगरसेविकेने पाळतीच्या साधनांवर नियमन करणारा ठराव आणला, नोव्हेंबर 2020 मध्ये तो एकमताने पुढे गेला आणि 2022 मध्ये कायदा झाला. पाळतीचं कोणतंही साधन घेण्याआधी ते कशासाठी, चित्रण किती दिवस ठेवणार, कोणाला देणार, हे लेखी मांडायचं आणि नागरिकांच्या सल्लागार मंडळापुढे ठेवायचं. एका सुनावणीला मीही गेले होते. माझ्या आधी एक दुकानदार बोलला, त्याचं दुकान दोनदा फोडलेलं. त्याला कॅमेरे हवे होते. माझ्या नंतरच्या बाईंना नको होते, कारण त्यांच्या मुलाला पोलीस रस्त्यात वारंवार थांबवतात. दोघांनाही सारखाच वेळ मिळाला. मी जेमतेम मिनिटभर बोलले, पण नाव नोंदवून बोलले.

म्हणून परदेशात सगळं छान आहे, असं मी म्हणणार नाही. 2023 मध्ये पोलिसांनी पुन्हा 500 स्मार्ट दिवे मागितले, या वेळी गाड्यांच्या नंबरप्लेट वाचणाऱ्या यंत्रणेसह. सल्लागार मंडळाने विरोध केला, परिषदेने तरीही मंजुरी दिली. आम्ही हरलो, पण काय हरलो ते आम्हाला ठाऊक होतं. खांबांच्या जागांची यादी समोर होती.

आता पुण्याकडे येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदाही आला, मात्र सरकारच्या यंत्रणांना अधिसूचना काढून त्यातून सूट देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. दिल्लीतला कायदा सुधारावा, हे म्हणणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला त्याहून जवळची उणीव टोचते. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. जवळजवळ चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती होतं. सॅन डिएगोत कायदा आला तो नगरसेविकेमुळे, तिच्यामागे उभ्या राहिलेल्या लोकांमुळे. त्याच काळात पुण्यात एखाद्या बाईला खांबावर काय बसतंय असं विचारायचं असतं, तर तिने कोणत्या सभागृहाचं दार ठोठावायचं? गावात निदान ग्रामसभा असते. शहरासाठी क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद महाराष्ट्रात 2009 पासून कायद्यात आहे, पण धनकवडी-बिबवेवाडीत वाढलेल्या माझ्या पिढीतल्या कुणीही अशी सभा पाहिलेली नाही.

आणि बाईच्या सुरक्षेचं? त्यावर वहिनीचा आवाज चढतो आणि चढायलाच हवा. 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे स्वारगेट आगारात उभ्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. आमच्या घरापासून ते आगार लांब नाही. आम्ही सगळ्या त्या फलाटांवर वाढलो. तिथे कॅमेरे होते. आरोपी त्या मुलीशी बोलताना चित्रणात दिसला, त्याचा माग काढायला त्या चित्रणाचा उपयोगही झाला. पण त्या पहाटे तिला हवा होता तो बसमध्ये डोकावणारा पहारेकरी, आतला उजेड, दार बंद आहे की नाही ते पाहणारं कुणीतरी. कॅमेरा घडून गेल्यानंतर कामाला येतो. भाचीला घरी पोहोचवतो तो दिवा, उघडं असलेलं दुकान, रस्त्यावरची माणसं.

हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरं, अर्जात काय लिहू ते सांग." आम्ही दोघींनी फोनवरच मजकूर केला. पहिली मागणी: दिवा सात दिवसांत दुरुस्त करावा. दुसरी: या गल्लीत पुढे खांबावर कॅमेरा बसवायचा झाल्यास तो दिव्याच्या तारेवर नको, त्याचा स्वतंत्र स्विच असावा. तिसरी: चित्रण किती दिवस राहील, कोण पाहील आणि पाहिल्याची नोंद कुठे होईल, ते खांबावर मराठीत लिहिलेलं असावं. चौथी वहिनीने स्वतः घातली, मला सुचली नव्हती: बसवण्याआधी गल्लीतल्या बायकांची सभा घ्यावी, आणि ती संध्याकाळी सातनंतर घ्यावी, म्हणजे कामावरच्या बायकांना येता येईल.

अर्जात खांबाचा नंबर लिहायचा आहे. अंधारात तो दिसत नाही, म्हणून भाची उद्या सकाळी कॉलेजला जाताना वाचून घेणार आहे.